अपाचीमागे टॉमकॅट जोडण्याआधी हाताशी काय हवं

पुढे अपाची हा वेब सर्व्हर आणि मागे जावा अॅप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट, अशी ही रचना. सगळ्यात आधी दोघांना जोडायला एजेपीच (त्यांच्यातल्या बोलण्याचा खास प्रोटोकॉल) हवं का, ते ठरवा. पानामागे वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) चालणार असेल तर एजेपीचा नाद सोडा, त्यातून वेबसॉकेट जात नाही. साध्या एचटीटीपी प्रॉक्सीने ८०८० पोर्टला जोडा. पण वापरकर्त्याची ओळख अपाचीच पटवणार असेल, किंवा मूळ होस्टनेम, ग्राहकाचा आयपी आणि एचटीटीपीएसची माहिती वेगळे हेडर न लिहिता टॉमकॅटपर्यंत पोचवायची असेल, तर एजेपी अजूनही सोयीचं आहे. ओळख अपाचीकडे ठेवली तर कनेक्टरवर (टॉमकॅटच्या सर्व्हर-एक्सएमएल फाइलीतल्या एजेपीच्या नोंदीवर) टॉमकॅट-ऑथेंटिकेशन फॉल्स करावं लागतं, नाहीतर नाव पोचूनही टॉमकॅट ते मानत नाही.

मग दोन्हींच्या आवृत्त्या लिहून घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची त्रुटी उघड झाली. एजेपीच्या ८००९ पोर्टला हात पोचणारा कुणीही अॅप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचू शकत होता, त्यात पासवर्ड असलेल्या कॉन्फिगरेशन फाइलीही आल्या. त्यानंतरच्या टॉमकॅटमध्ये, म्हणजे ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ पासून पुढे, एजेपी कनेक्टर मुळातच बंद ठेवलेला असतो, उघडला तरी फक्त त्याच मशीनवर ऐकतो आणि सिक्रेटशिवाय (दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या गुप्त शब्दाशिवाय) सुरू होत नाही. जुन्या मार्गदर्शिकांमधली एका ओळीची कनेक्टरची नोंद म्हणूनच आता चालत नाही. अपाचीच्या प्रॉक्सीपासमध्ये (विनंत्या टॉमकॅटकडे वळवणाऱ्या ओळीत) सिक्रेट देण्याची सोय २.४.४२ पासून आहे. काही लिनक्स वितरणं ती जुन्या आकड्याच्या पॅकेजातही मागाहून घालतात, तेव्हा पॅकेजचा बदल-इतिहास पाहा. सोय नसेलच तर मॉड-जेके (एजेपीनेच जोडणारं अपाचीचं दुसरं मॉड्यूल) वापरा, त्याच्या वर्कर फाइलीत सिक्रेट देता येतं.

सिक्रेट लांब आणि यादृच्छिक तयार करा. तेच सर्व्हर-एक्सएमएलमधल्या कनेक्टरवर आणि अपाचीच्या ओळीत, अक्षरन् अक्षर सारखं हवं. दोन्ही फाइली इतरांना वाचता येणार नाहीत अशा परवानग्या लावा. सिक्रेट लिहायचं राहिलं तर कनेक्टर उठत नाही आणि कारण टॉमकॅटच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. जुळलं नाही तर ४०३ (प्रवेश नाकारला) येतो. अशा वेळी सिक्रेटची सक्तीच काढून टाकण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका, घोस्टकॅटनंतर बसवलेलं कुलूप त्याने निघतं. सिक्रेट बरोबर असूनही ४०३ येत असेल तर बहुधा अपाची एखादं अनोळखी अॅट्रिब्यूट (विनंतीसोबतची जादा माहिती) पाठवत असतो. शिबोलेथ (एकच लॉगिन अनेक ठिकाणी चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं. उपाय म्हणजे कनेक्टरवर परवानगी असलेल्या अॅट्रिब्यूटचा पॅटर्न लिहिणं, तोही नेमका, सरसकट सगळ्याला वाट देणारा नव्हे.

पत्ता दोन्हीकडे १२७.०.०.१ असा आकड्यांतच लिहा. लोकलहोस्ट लिहिलं की कधी एक बाजू आयपीव्ही-६ वर ऐकते, दुसरी आयपीव्ही-४ वर ठोठावते आणि कनेक्शन नाकारलं जातं. मशीन वेगवेगळी असतील तर कनेक्टरला अंतर्गत जाळ्याचा पत्ता द्या आणि फायरवॉलमध्ये ८००९ फक्त वेब सर्व्हरसाठी उघडा. एजेपीत एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे मधलं जाळं विश्वासाचंच हवं. रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं बुलियन (चालू-बंद कळ), एचटीटीपीडीला, म्हणजे अपाचीला, जाळ्यावर जोडणी करू देणारं, कायमचं चालू करा. ते बंद असताना अपाचीच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि माणूस उगाच फाइलींच्या परवानग्या तपासत बसतो.

प्रॉक्सी आणि प्रॉक्सी-एजेपी ही दोन्ही मॉड्यूल लोड झालेली हवीत. प्रॉक्सीपासमध्ये बाहेरचा आणि आतला मार्ग सारखाच ठेवा, नाहीतर कुकीचा मार्ग चुकतो आणि लॉगिन टिकत नाही. शेवटची तिरकी रेघ दोन्हीकडे द्या किंवा दोन्हीकडे गाळा. वगळायचे मार्ग आणि लांब मार्ग आधी लिहा, कारण पहिली जुळणारी ओळच लागू होते.

एजेपीचं पाकीट मुळात ८१९२ बाइटचं. मोठ्या कुकी, केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या प्रणालीची टोकन किंवा क्लायंट सर्टिफिकेट असतील तर ते अपुरं पडतं आणि मोजक्याच वापरकर्त्यांना चूक दिसते, त्यामुळे ती पकडणं अवघड जातं. टॉमकॅटचं पॅकेटसाइझ आणि अपाचीचं प्रॉक्सी-आयओ-बफरसाइझ दोन्ही एकाच आकड्यावर न्या, कमाल ६५५३६. मधे फायरवॉल असेल तर ती बराच वेळ शांत असलेली कनेक्शन गुपचूप तोडते, म्हणून प्रॉक्सीपासमध्ये टीटीएल (वापरात नसलेलं कनेक्शन किती वेळ ठेवायचं ते) तिच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा.

चाचणीच्या वेळी आधी ८०८० वर अॅप्लिकेशन थेट उघडतं का पाहा, मग एसएस आदेशाने ८००९ वर कोण ऐकतंय ते, मग अपाचीची कॉन्फिगटेस्ट आणि रीलोड. टॉमकॅट पुन्हा सुरू केल्यावरही ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येत राहिला तर लगेच कॉन्फिगरेशनला हात घालू नका: एकदा जोडणी फसली की अपाची ६० सेकंद तिकडे वळतच नाही. मागे एकच टॉमकॅट असेल तर प्रॉक्सीपासमध्ये रीट्राय ० करून ठेवा.