ऑडिओ रिव्ह्यू लिहिताय? आधी या चुका टाळा

सांगली-मिरजेकडची बरीच पोरं हल्ली स्पीकर-हेडफोनचे रिव्ह्यू लिहायला लागलीत आणि त्यातली काही ते मला आधी वाचायला पाठवतात. उत्साह दांडगा, पण चुका ठरलेल्या. त्यातल्या दोन तर वाचून वाचून जीव मेटाकुटीला आलाय.

पहिली चूक म्हणजे आवाजाची पातळी न जुळवता केलेली तुलना. दोन अँप्लिफायरमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असेल, तर 'हा मोठा वाजतोय' असं कान सांगत नाही. बेस भरीव आहे, आवाज मोकळा आहे, असं सांगतो. आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलंय.

मी यात पुरता फसलोय. सांगलीतल्या विश्रामबागेत मित्राच्या हॉलमध्ये दोन अँप्लिफायर तीन संध्याकाळ ऐकले आणि महागड्याच्या कौतुकाची दोन पानं लिहून काढली. त्याच्या शेजाऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ते सहज डोकावले, म्हणाले, "दोन्हीकडं व्होल्ट सारखेच येत्यात का बघितलंस?" मल्टिमीटर लावला. एकावर 2.83 व्होल्ट, दुसऱ्यावर 2.52. म्हणजे बरोब्बर एक डेसिबल. पातळी जुळवली आणि मी अँप्लिफायरकडं पाठ फिरवून बसलो. मित्र तारा बदलत होता. दहा वेळा ओळखायचं होतं, पाच वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. ती दोन पानं मी तिथंच फाडली.

तेव्हापासून मीटरशिवाय तुलना करत नाही. 100 हर्ट्झची टोन लावायची आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट बघत दोन्हीकडं शतांशापर्यंत जुळवायचे. साधे मीटर 1000 हर्ट्झला भरवशाचे राहत नाहीत, म्हणून मी खालची टोन घेतो. मीटर घेताना एसीची 20 व्होल्ट किंवा त्याखालची रेंज आहे ना, ते बघा. अगदी स्वस्तातल्यांना 200 च्या खाली रेंजच नसते. जुळलं की नॉबवर पेन्सिलची खूण करायची. मोबाइलच्या ॲपवर हे काम भागवू नका, फोन वीतभर हलला की आकडा बदलतो.

आणि डोळ्यांवर विसंबू नका. टूल आणि ऑलिव्ह या संशोधकांनी 1994 मध्ये तेच स्पीकर त्याच लोकांना आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून ऐकवले, तर गुण बदलले. त्यात मुरलेले श्रोतेही होते.

दुसरी चूक मला जास्त लागते. खरं वाद्य कधी जवळून ऐकलेलंच नसतं आणि रिव्ह्यूत 'नैसर्गिक आवाज' लिहिलेलं असतं. अरे, मिरज दहा किलोमीटरवर आहे! सतारमेकर गल्लीत जा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, काढताना बघा. कारागीर तारांखालची घोडी जरा घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवतो आणि एका जागी तार एकदम बोलू लागते. सुरातून सूर निघतात. हे हातभर अंतरावरून एकदा ऐकलं की कानाला माप मिळतं. मग घरी येऊन तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. जवारीचं 'सस्स' होत असेल तर स्पीकरनं वरचे सूर चढवलेत. घोंगडीआडून आल्यासारखी वाटली तर उतरवलेत. मी प्रत्येक स्पीकरला पहिली परीक्षा हीच घेतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं एकानं मला विचारलं. वेळ नसेल तर रिव्ह्यू लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक महिन्याचा पगार घालून वस्तू घेतात ते आपल्या शब्दावर.

बाकीच्या चुका थोडक्यात. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की बेस गायब होतो आणि मधोमध ऐकू येणारा गायकाचा आवाज पसरतो. स्पीकरला नावं ठेवण्याआधी वायर बघा. दहा बाय दहाच्या खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतींत फुगतो, तो स्पीकरच्या नावावर मांडू नका. वस्तू फुकट मिळाली असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. मिरवणुकीत डीजेपुढं उभं राहून आल्यावर दोन दिवस काहीही तपासू नका. आणि इअरफोनचा बेस कमी वाटला तर आधी रबरी टिप एक माप मोठी लावून बघा. माझ्याकडं आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तिथंच मिटल्यात.