सिम्युलेटर चाचणीची तयारी: आकडे, नजर आणि बोलणे

विमान कंपनीच्या भरतीत होणाऱ्या सिम्युलेटर चाचणीत परीक्षकाला निर्दोष उड्डाण अपेक्षित नसते. बहुधा अनोळखी विमानावर बसवलेला उमेदवार आपली चूक किती लवकर ओळखतो, ती तोंडाने सांगून किती शांतपणे सुधारतो आणि पुढच्या फेरीत तीच पुन्हा करतो का, हे त्याला पाहायचे असते. तयारीही याच हिशेबाने करावी.

सर्वांत आधी आकडे पाठ करावेत. ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि फ्लाइट डायरेक्टर (विमानाचे नाक कुठे ठेवायचे ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद ठेवून विमान हाताने उडवायला सांगितले जाण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा वेळी विशिष्ट पिचला (नाकाच्या वर-खाली कोनाला) विशिष्ट थ्रस्ट (इंजिनचा जोर) दिला की विमान काय करेल, हे ठाऊक असलेल्या वैमानिकाचे निम्मे काम झालेले असते. बोइंग ७३७-८०० वर वेगमापक बेभरवशाचा झाल्यास फ्लॅप (पंखांच्या कडेच्या झडपा) आत असताना ४ अंश पिच व ७५ टक्के एन-वन (इंजिनच्या पुढच्या पंख्याचा वेग) आणि फ्लॅप बाहेर असताना १० अंश व ८० टक्के, हे आकडे तोंडपाठ असावे लागतात. पण ते संकटात तग धरण्यापुरते असतात, रोजच्या उड्डाणाचे नव्हेत. सपाट उड्डाण, उतरण आणि अंतिम टप्पा यांचे आकडे त्या विमानाच्या पुस्तिकेतील तक्त्यातून काढून एका कागदावर लिहावेत. सोबत काही ठोकताळेही ठेवावेत: ३ अंशांच्या उतारावर जमिनीसापेक्ष वेगाला ५ ने गुणले की उतरण्याचा दर मिळतो, म्हणजे १४० नॉटला ७०० फूट प्रति मिनिट; आणि चढण्याच्या वा उतरण्याच्या दराच्या दहाव्या भागाइतकी उंची उरली की विमान सपाट करायला सुरुवात करावी.

आयएलएसवर (विमानाला धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या रेडिओ संकेतांवर) या आकड्यांचा उपयोग स्पष्ट दिसतो. समजा, ग्लाइडस्लोपचा (उतरण्याच्या ठरलेल्या उताराचा) काटा अर्धा डॉट (मोजपट्टीवरचा ठिपका) वर गेला, म्हणजे आपण उतारापेक्षा खाली आहोत. घाबरलेला उमेदवार नाक ३ अंश उचलतो, काटा झपाट्याने खाली येतो, मग तो नाक दाबतो आणि जमिनीपर्यंत हा झोका थांबत नाही. १४० नॉटला १ अंश पिच म्हणजे सुमारे २४० फूट प्रति मिनिटाचा फरक, हे ज्याला माहीत आहे, तो १ अंशच उचलतो, काटा परतू लागेपर्यंत थांबतो आणि तो मध्यावर पोहोचण्याआधीच नाक पुन्हा मूळ जागी आणतो. नजर मात्र काट्यावर खिळवून ठेवू नये. ती अ‍ॅटिट्यूड दर्शकावरून (क्षितिजासापेक्ष विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावरून) एकेका उपकरणाकडे जाऊन दर वेळी तिथेच परतली पाहिजे.

हे सारे घरी खुर्चीवर बसून करता येते. कॉकपिटचे छायाचित्र समोर लावावे, स्टॉपवॉच सुरू करावे आणि टेक-ऑफपासून गो-अराउंडपर्यंतचे (उतरणे सोडून पुन्हा वर चढण्यापर्यंतचे) प्रत्येक कॉलआउट (ठरलेली घोषणा) मोठ्याने म्हणत हात त्या त्या स्विचकडे न्यावा. घरातल्यांना हे विचित्र वाटेल, वाटू द्यावे. मनातल्या मनात म्हटलेले कॉलआउट ऐन वेळी घशात अडकते. होल्डिंगचे (आकाशात ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबण्याचे) तिन्ही प्रवेशही असेच कागदावर काढून सोडवावेत.

इंजिन बंद पडण्याचा प्रसंग आला, तर आधी रडरने (शेपटीच्या सुकाणूने) दिशा सांभाळावी, पिच राखावे, ट्रिम करावे (कंट्रोल्सवरचा ताण काढावा), आणि सुरक्षित उंची गाठल्यावरच चेकलिस्ट मागावी. पुढच्या निर्णयासाठी बिघाड कोणता, पर्याय कोणते, निवड कोणती, कोण काय करणार आणि परिस्थिती बदलली का, या क्रमाने मोठ्याने बोलावे. सहवैमानिकाचे मत विचारायला विसरू नये. तो परीक्षकाच्या बाजूचा असला, तरी त्या खुर्चीत तो तुमच्या मदतीसाठीच बसलेला असतो.

भूमिका बदलून तुम्ही उडवणाऱ्यावर देखरेख करू लागलात की ढिले पडू नका. माझ्या मते अनेक उमेदवार गुण गमावतात ते इथेच: आपले उड्डाण संपले, या समाधानात समोरच्याचा वेग १० नॉटने घसरलेला त्यांना दिसत नाही, किंवा दिसूनही संकोचाने ते गप्प राहतात. ‘स्पीड’ एवढा एकच शब्द तिथे पुरेसा असतो.

शेवटी ‘कसे वाटले?’ असे विचारले जाते. दोन नेमक्या चुका, त्या कधी लक्षात आल्या आणि त्यांवर काय केले, एवढे सांगून थांबावे. सिम्युलेटरच्या जड कंट्रोल्सना दोष देऊ नये.