होडीला पक्कं छत: भोसरीत बनवा, हर्णैला बसवा

छत मोठं करायचा मोह आवरा. वर जितकं वजन, तितकी होडी जास्त डुलणार. आमची जुनी फायबरची मासेमारी होडी भोसरीच्या शेडमध्ये दुरुस्त होतेय, तिला सुकाणूवरच्या माणसापुरतीच सावली ठेवलीय.

आधी हार्डबोर्डचा साचा कापून होडीवर धरून बघा. गळ मागे फेकताना हात अडतोय का, हे तिथेच कळतं. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच (म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) घ्या, पुण्यात भवानी पेठेत मिळतो. ६ मिमीचे दोन थर कमानदार पट्ट्यांवर वाकवून इपॉक्सी रेझिनने चिकटवा; मधोमध दोनेक इंच उंची ठेवली की पाणी साचत नाही. वरून विणलेलं ग्लास कापडच लावा. साधी मॅट (तुटक काचतंतूंची) इपॉक्सीत नीट भिजत नाही, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनसाठी असतो. आणि मे महिन्यात दुपारी रेझिन कालवू नका, डब्यातच तापून दगड होतं! सकाळी लवकर, थोडं थोडं.

खरी मेख बोल्टच्या भोकांत आहे. भोक मोठं पाडा, दाट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. छताचे पाय ३१६ स्टीलच्या (खाऱ्या पाण्यात कमी गंजणाऱ्या) पाईपचे, डेकखाली जाड पट्टी देऊन.

पाय वेल्ड मात्र करू नका, बोल्टनेच जोडा. होडी हर्णैला नेताना ताम्हिणी घाट उतरायचाय, तेव्हा छत काढून ट्रेलरमध्ये आडवं ठेवायचंय.