शाळा गावालाही उपयोगी पडेल अशी बांधताना

नकाशात आधी दोन भाग पाडा. वर्ग आतल्या बाजूला. सभागृह, वाचनालय आणि दोन स्वच्छतागृहं रस्त्यालगत, स्वतंत्र फाटकासह. मधल्या जाळीच्या दाराला कुलूप लावलं की संध्याकाळी ग्रामसभा किंवा बचत गटाची बैठक वर्ग न उघडता होते. या भागाला सबमीटर हवाच, नाहीतर वीजबिलावरून वाद ठरलेला.

वर्गांच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवा. दक्षिणेला अडीच मीटरचा व्हरांडा, पश्चिमेला शक्यतो खिडकी नको.

खरी कमाई छपरावर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २०० चौ. मी. छप्पर, ६०० मिमी पाऊस आणि २० टक्के घट धरली तर ९६,००० लिटर. त्यातलं ५०,००० लिटर साठवायला ५ × ५ × २ मीटरची टाकी पुरते. या २ मीटरच्या वर आणखी ३० सेंमी मोकळी जागा ठेवा. उरलेलं पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाला.

पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं. पहिले २ मिमी, म्हणजे ४०० लिटर, वेगळ्या पिंपात वळवा. पिंपाच्या तळाला बारीक गळती ठेवा. तोटी हाताने उघडायची असेल तर कुणीतरी विसरतंच, पिंप भरलेलंच राहतं आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते. टाकीत उजेड शिरला की शेवाळ, झाकणाला फट राहिली की डास. पिण्याआधी क्लोरिन टाकाच.