प्रश्न ठरण्याआधी रुग्णाला बोलवा: आरोग्य संशोधनात येणाऱ्या नव्यांसाठी इंदूरहून

एमएसडब्ल्यू किंवा पब्लिक हेल्थ करून इथल्या संशोधन प्रकल्पांत नोकरी शोधणारी मुलंमुली विचारतात, ‘ताई, कम्युनिटी एंगेजमेंट म्हणजे नेमकं काय करायचं?’ शब्दशः म्हणजे लोकांना संशोधनात सामील करून घेणं, पण जाहिरातीत बहुधा सहभागींची नोंदणी, फॉलो-अप आणि संमतिपत्रकं भरून घेणं एवढंच असतं. मी ज्या कामाबद्दल लिहितेय ते त्याच्या बरंच आधी सुरू होतं. संशोधन कशावर करायचं, काय मोजायचं, रुग्णाला किती वेळा दवाखान्यात बोलवायचं, हे ठरत असताना रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं चर्चेला बसलेली हवीत. हे एखाद्या भल्या डॉक्टरच्या उत्साहावर सुरू होतं खरं, पण त्यांची बदली झाली की थांबतं. ते टिकवायचं असेल तर संस्थेनं त्यासाठी पैसा, माणूस आणि नियम द्यायला हवेत.

इंदूरमध्ये हे काम करताना इथला इतिहास माहीत हवा. आपण चाचणीत आहोत हेच अनेक रुग्णांना ठाऊक नव्हतं, असे आरोप शहरातल्या औषध चाचण्यांवर झाले. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर भरपाईचे नियम आले, काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, आणि 2019 मध्ये नवे नियम लागू झाले. त्यानुसार औषध चाचण्यांच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीत, किमान 7 सदस्य लागतात. त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. हे मोलाचं आहे. पण कमिटीपुढे प्रस्ताव येतो तोवर प्रश्न ठरून गेलेला असतो, आणि एका नागरिकानं सगळ्या रुग्णांच्या वतीनं बोलावं ही अपेक्षाही रास्त नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या इंदूरजवळच्या आदिवासी भागात हा आजार बराच आहे, आणि 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवातही मध्य प्रदेशातल्या शहडोलहून झाली. अशा अभ्यासात साधारणपणे रुग्ण किती वेळा भरती झाला ते मोजतात. आयांना बसवून विचारलं तर त्या सांगतात की मूल दुखण्यानं तळमळतं ते घरीच, दवाखाना गाठायला गाडीभाडं नसतं. म्हणजे बरंचसं दुखणं आपल्या मोजणीत येतच नाही. त्यांची काळजी वेगळीच असते: शाळा किती बुडते, हायड्रॉक्सियुरिया हे या आजारावरचं औषध जवळच्या केंद्रात मिळेल का, तपासणीच्या कार्डावरचा निकाल कळला तर मुलीचं लग्न अडेल का. हे ऐकल्यावर प्रश्नावली बदलावी लागते, गुप्ततेची व्यवस्था बदलावी लागते, वेळापत्रकही बदलावं लागतं. होळीआधीच्या भगोरिया जत्रांच्या आठवड्यात किंवा सोयाबीनच्या कापणीत बैठक ठेवली तर कुणी येणार नाही. घरं मजुरीला गुजरातला गेलेली असतात तेव्हाही नाही. आणि संवाद भिली किंवा बारेली या तिथल्या बोलींत हवा. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, हिंदी सगळ्यांनाच येते. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना ती येत असेलच असं नाही.

आता पैशाचं बोलते, कारण काम बहुतेक इथेच अडतं. गंगवाल बसस्टँडवर उतरून बैठकीला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती मजुरी, प्रवासखर्च, जेवण आणि सोबत आणलेल्या लहान मुलाची सोय, एवढं तिला मिळायलाच हवं. लेखा विभाग पॅनकार्ड आणि बिल मागतो. ऑटोवाला बिल देत नाही, आणि तिच्याकडे पॅन नसतं. मग कुणीतरी कर्मचारी स्वतःच्या खिशातून देतो आणि महिनोन्महिने परताव्याची वाट बघतो. यात लेखा विभागाचा दोष मला दिसत नाही, त्यांच्यासाठी नियमच कुणी केलेला नसतो. साधं व्हाउचर, अंगठा किंवा सही, ठरलेली रक्कम आणि त्याच दिवशी पैसे, अशी पद्धत संस्थेनं आधीच मंजूर करून ठेवली तर निम्मं काम सोपं होतं. प्रस्तावाच्या बजेटमध्ये यासाठी स्वतंत्र हेड मागा. ‘इतर खर्च’ या हेडमध्ये हे टाकलं की काटछाट आधी त्याचीच होते.

संमतिपत्रकाचा मसुदाही आधी सामान्य माणसांना वाचायला द्या. रामबागेतल्या शेजारच्या काकूंना मी एक मसुदा दिला होता. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी नाही म्हटलं तर माझी बीपीची गोळी बंद होईल का, ते कुठं आहे?’ ते पाचव्या पानावर होतं, आम्ही पहिल्यावर आणलं. ‘समजलं का?’ असं कधीच विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा.

वरिष्ठ म्हणतील, हे सगळं कशाला. तेव्हा दोन आधार जवळ ठेवा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत समुदाय सल्लागार मंडळाचा, म्हणजे संशोधकांना सल्ला देणाऱ्या स्थानिक लोकांच्या गटाचा, उल्लेख आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुधारलेला हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा जागतिक दस्तऐवज, तर संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही समुदायाला सोबत घ्या, असं सांगतो. तिसरा आधार इंदूरचाच आहे: सरकारी रुग्णालयाच्या कारभारात बाहेरच्यांनाही घेणाऱ्या रोगी कल्याण समितीची कल्पना 1990 च्या दशकात आपल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलातून देशभर गेली. रुग्णालयाच्या कारभारात बाहेरच्या माणसांना जागा देता आली, तर संशोधनाचे विषय ठरवतानाही देता येईल, असं मला मनापासून वाटतं.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा. हे पद एका प्रोजेक्टपुरतं आहे की संस्थेचं? सल्लागार मंडळानं सुचवलेला बदल नाकारला तर कारण लेखी दिलं जातं का? निष्कर्ष गावात जाऊन सांगायला बजेट आहे का, आणि ते निबंध छापून आल्यावरही उरलेलं असतं का? या तिन्हींना गोलमाल उत्तरं मिळाली तरी नोकरी घ्या, गरज असेल तर नक्की घ्या. पण रुजू झाल्यावर पहिला अर्ज त्या व्हाउचरसाठी टाका.