क्यू-वनच्या नादात गेलेले अकरा महिने

माझा पहिला संशोधन पेपर लिहून झाला तेव्हा तो कुठल्या जर्नलकडे पाठवायचा हे मी एका दुपारीत ठरवून टाकलं. हवं होतं क्यू-वन, म्हणजे रँकिंगमधल्या वरच्या पाव भागातलं जर्नल. सायमॅगो या जर्नलांचं रँकिंग देणाऱ्या वेबसाइटची यादी उघडली, आमचा विषय निवडला आणि वरून तिसरं नाव उचललं. पहिली दोन सोडली, हाच काय तो माझा विनय. चौथ्या दिवशी मेल आला की पेपर आमच्या जर्नलच्या विषयात बसत नाही. पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, म्हणजे रिव्ह्यूअरपर्यंत, गेलाच नाही, संपादकांनी वरच्यावर परत पाठवला. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात, हे मला त्या मेलनंतर कळलं. मग यादीत एकेक पायरी उतरत आणखी तीन जर्नल झाली. त्यातल्या एकाने पाच महिने ठेवून घेतला आणि मग नाही म्हटलं. पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे द्यायचा असतो, त्यामुळे त्या पाच महिन्यांत दुसरीकडे दार ठोठावायचीही सोय नव्हती. एकूण अकरा महिने गेले.

रँकिंग कसं काढतात हे मी त्यानंतर शिकले, म्हणजे वरातीमागून घोडं.

सगळ्यांच्या तोंडी असतो तो इम्पॅक्ट फॅक्टर. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, मोजण्याची कल्पना मांडली, त्यातून पुढे तो आला. आता क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दरवर्षी जाहीर करते. हिशेब साधा आहे. एखाद्या जर्नलने 2022 आणि 2023 मध्ये मिळून 100 लेख छापले, आणि 2024 मध्ये जगभरातल्या पेपरांनी त्या दोन वर्षांतल्या मजकुराचा 300 वेळा संदर्भ दिला, तर 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर 3. मी ‘मजकूर’ म्हटलं ते मुद्दाम. वरच्या आकड्यात संपादकीय आणि पत्रांना मिळालेली सायटेशनही धरतात, खाली भागायला मात्र फक्त संशोधन लेख आणि रिव्ह्यू लेख असतात.

शिवाय ही सरासरी आहे. त्या 300 पैकी 180 सायटेशन एकाच पेपरची असू शकतात आणि निम्म्या पेपरांना एकही नसू शकतं. याचा गाजलेला दाखला म्हणजे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’. 2008 मध्ये त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर 2 च्या आसपास होता, 2009 मध्ये तो जवळजवळ 50 झाला. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये त्यात शेलएक्स या सॉफ्टवेअरवर एक लेख लिहिला होता आणि ते सॉफ्टवेअर वापरणारा जो तो त्याचाच संदर्भ देत होता. दोन वर्षांची खिडकी सरकली आणि आकडा पुन्हा 2 वर आला. मधल्या काळात तिथे छापून आलेल्या बाकीच्या पेपरांनी सीव्हीवर 50 चा आकडा मिरवला असेल तर त्यात खोटं काही नव्हतं, खरंही फारसं नव्हतं.

दोन विषयांतल्या आकड्यांची तुलना तर करूच नका. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये पेपर येणं हे गणितात शिखर समजलं जातं, आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर पाचच्या आसपास असतो. कर्करोगावरच्या एका जर्नलचा 2022 चा आकडा 254.7 होता. गणितात सायटेशन सावकाश येतात आणि संदर्भयाद्या छोट्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच क्वार्टाइल आले. एका विषयातली जर्नल उतरत्या क्रमाने लावायची आणि चार भाग करायचे, वरचा पाव भाग क्यू-वन. ऐकायला सोपं आहे, पण माझी फसगत इथेच झाली. एकच जर्नल एका विषयात क्यू-वन आणि दुसऱ्यात क्यू-थ्री असू शकतं, आणि सायमॅगोच्या यादीत त्याचा सगळ्यात चांगला क्वार्टाइल आधी दिसतो. शिवाय सायमॅगो स्कोपस या डेटाबेसच्या माहितीवर एसजेआर नावाचा स्वतःचा आकडा काढतं. त्यात वजनदार जर्नलकडून आलेल्या सायटेशनला जास्त किंमत असते. क्लॅरिव्हेटचे क्वार्टाइल वेब ऑफ सायन्स या त्यांच्या डेटाबेसच्या माहितीवर, इम्पॅक्ट फॅक्टरनुसार. दोन्हीकडे क्यू-वन लिहिलेलं असलं तरी ती दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. तुमच्या विद्यापीठाचा नियम यापैकी कुठलं मानतो, कुठल्या विषयातलं आणि कुठल्या वर्षाचं, हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरं माणसागणिक बदलतात.

अकरा महिन्यांनी गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “तुझ्या संदर्भयादीत कुठली जर्नल आहेत?” मी 43 संदर्भ एक्सेलमध्ये घातले आणि जर्नलच्या नावाने लावले. नऊ संदर्भ एकाच जर्नलचे निघाले. त्या जर्नलला मी कधी पेपर पाठवलाच नव्हता, कारण ते क्यू-टू होतं. ज्यांच्याशी मी पेपरभर वाद घालत होते ती माणसं तिथे लिहीत होती आणि मी भलत्याच दारात उभी होते. तिथे पेपर गेला, दोन रिव्ह्यू आले. त्यातला दुसरा इतका बारीक होता की माझी एक आकृती चुकीची निघाली. ती सुधारली आणि पेपर लागला. पुढच्या वर्षी ते जर्नल क्यू-वनमध्ये गेलं, हा योगायोग.

तेव्हापासून मी संदर्भयादीतून चार-पाच नावं काढते. प्रत्येकाचे शेवटचे दोन अंक चाळते, आपल्यासारखं काम ते छापतात का ते बघते. पेपरवर तो जर्नलकडे आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख छापलेली असते, त्यातून साधारण किती महिने लागतात ते कळतं. फी किती, हेही पाठवण्याआधीच बघायचं. उरलेल्या नावांचा क्रम लावायला रँकिंग वापरते. नोकरीच्या अर्जात ते बघितलं जातं, त्यामुळे त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

एक मेल मात्र सगळ्यांनाच येतो. त्यात तुम्ही ‘आदरणीय संशोधक’ असता, इम्पॅक्ट फॅक्टर 6.8 असतो आणि पेपर सात दिवसांत छापून मिळणार असतो. मलाही आला होता, नेमका चौथ्या नकाराच्या आठवड्यात, आणि फी भरायचं पान मी उघडलंही होतं. असे बनावट आकडे विकणाऱ्या संस्थाच आहेत. जर्नल नावाने नाही, आयएसएसएन या त्याच्या ओळख क्रमांकाने वेब ऑफ सायन्सच्या मास्टर लिस्टमध्ये आणि स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये शोधा. खऱ्या जर्नलच्या नावाने खोटी वेबसाइट काढणारेही आहेत, म्हणून मेलमधल्या लिंकवर न जाता प्रकाशकाच्या पानावरून जा. जर्नल यादीत अजून आहे का, तेही बघा. 2023 मध्ये वेब ऑफ सायन्सने 50 हून अधिक जर्नल एका झटक्यात काढून टाकली होती. पेपर पाठवता त्या दिवशीच त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मुलाखतीत मला तो दोनदा दाखवावा लागला आहे.