ऑनलाइन व्यवहारात या चुका टाळा, आणि फसल्यास पहिला तास वाया घालवू नका

परभणी जिल्ह्यातील माझ्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी जुनी कडबाकुट्टी विकायला काढली आणि तिचे छायाचित्र एका संकेतस्थळावर टाकले. अर्ध्या तासात फोन आला. समोरच्याने आपण लष्करात असल्याचे सांगितले, भावात जराही घासाघीस केली नाही आणि इसार म्हणून ९,००० रुपये पाठवतो असे सांगून व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला. मेहुण्यांनी तो स्कॅन करून पिन टाकला, तेव्हा पैसे जमा होण्याऐवजी त्यांच्याच खात्यातून गेले. 'सर्व्हरची गडबड झाली, दोन्ही रकमा एकदम परत करतो' असे म्हणत त्या माणसाने त्यांच्याकडून तेच पुन्हा एकदा करवून घेतले.

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातील शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. त्या कोडखाली 'रक्कम मिळवण्यासाठी स्कॅन करा' असे लिहिले होते, पण तो मजकूर फसवणाऱ्यानेच टाकलेला होता. ॲपच्या पडद्यावर मात्र 'पे' हा शब्द आणि एका अनोळखी माणसाचे नाव स्पष्ट दिसत होते. मेहुण्यांना इंग्रजी फारसे वाचता येत नाही, म्हणून त्यांचा विश्वास ऐकलेल्या शब्दांवर बसला. पैसे पाठवण्याची प्रचलित ॲप मराठीतही चालतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही भाषा आजच बदलून द्यावी, असे मी कळकळीने सुचवतो.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडण्याची. लग्नसराईत लग्नपत्रिका, एरवी वाहनाचे चलान किंवा पीएम किसानची यादी अशा नावाने ती येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचे ॲप. ते बसवून संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हाती पडतो. गावाच्या गटात सरपंचांच्या क्रमांकावरून अशी फाइल आली, तरी ती सरपंचांनीच पाठवली असेल असे नाही. बहुधा त्यांचाच फोन आधी बाधित झालेला असतो. फाइल बसवून झाली असेल, तर लगेच इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवावेत, ते ॲप काढून टाकावे आणि शक्यतो फोन रिसेट करून मगच पुन्हा वापरावा.

खरेदीतही घाई नडते. पेरणीच्या तोंडावर निम्म्या किमतीत बियाणे किंवा सणाच्या आठवड्यात हजार रुपयांत पैठणी देणाऱ्या जाहिरातीवर पत्ता नसेल आणि आगाऊ रकमेचाच आग्रह असेल, तर तिथे थांबावे. ग्राहक सेवेचा क्रमांक गुगलवर शोधून लावू नये, कारण तिथे बनावट क्रमांकही सापडतात. तो बँकेच्या कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये पाहावा. आणि 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसणाऱ्या माणसाला न घाबरता फोन ठेवून द्यावा.

या सगळ्यांहून मोठी चूक फसल्यानंतर होते, आणि ती म्हणजे गप्प राहणे. माझे मेहुणे लोक काय म्हणतील या भीतीने दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटावरून उठले, तेव्हा बहिणीने खोदून विचारले. तोवर रक्कम निघून गेली होती. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात फिरवत राहतो आणि शेवटी रोखीने काढतो; ती साखळी पुरी होण्याआधी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार पोहोचली, तर संबंधित बँकांना रक्कम मध्येच रोखून धरता येते. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव जवळ ठेवावे, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. लाजेपोटी समोरच्याशी झालेले संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यात चूक ना ग्राहकाची ना बँकेची, ती यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवून देण्याचे शुल्क भरा' असा फोन येऊ शकतो. मेहुण्यांनाही तो आला. बोलणारा स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता आणि त्याला गेलेली रक्कम अचूक माहीत होती. १९३० वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रारीसाठी एक रुपयाही लागत नाही, हे तोवर त्यांना ठाऊक झाले होते, म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तो क्रमांक तालुक्याच्या ठाण्यात नेऊन दिला.